पहिल्या दिवसाचे किलोमीटर

लांबच्या रोड ट्रिपबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते मी भेटेल त्याला ऐकवत असतो. ऑफिस करून त्याच रात्री निघायचं नाही. घरी जायचं, वरणभात खायचा, झोपायचं आणि सकाळी उजाडल्यावर गाडी काढायची. पहिल्या दिवशी कमी अंतर कापलं तरी चालेल.

हे ऐकलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. "म्हातारा झालास रे तू" वगैरे. आता तिशीही न गाठलेल्या माणसाला असं म्हणणं जरा अतीच होतं, पण असो. हे मत माझ्याकडे कुठून आलं ते सांगतो.

डिसेंबर २०२२. पुणे ते कन्याकुमारी, इंजिनियरिंग कॉलेजपासूनचे आम्ही पाच मित्र, एक गाडी. साधारण दीड हजार किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. प्लॅन बनवायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण गँगमध्ये एक्सेलची हौस मलाच. पहिला टप्पा पुणे ते बंगळूर, ८४० किलोमीटर. ताशी सरासरी ८० धरली, म्हणजे साडेदहा तास. चहाचे, जेवणाचे, डिझेलचे मिळून दोन-अडीच तास. शुक्रवारी रात्री अकराला निघालो की शनिवारी दुपारी बंगळूर. एक अख्खा दिवस वाचला! शीट सगळ्यांना पाठवली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्या शीटमध्ये टोलचा कॉलम होता, चहाचा होता, एवढंच काय, गाडीत कुठली गाणी कधी लावायची त्याचाही होता. फक्त कोण किती वाजल्यापासून जागा आहे, हा कॉलम नव्हता.

ज्याची गाडी होती तो त्या दिवशी सकाळी सहाला उठला होता. सुट्टीवर जाण्याआधी ऑफिसमधलं काम संपवायचं म्हणून दिवसभर स्क्रीनला चिकटलेला, संध्याकाळी रिलीज, मग घरी येऊन बॅग भरणं. बाकीच्यांची कथा काही वेगळी नव्हती. अकराचे साडेबारा झाले. निघताना एकाच्या आईने सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. "पोचलात की फोन करा रे" हे चार वेळा सांगून झालं.

पहिला तास काय मजा! पाच जण एकदम बोलतायत, कॉलेजचे तेच ते किस्से तेराव्यांदा सांगून होतायत. खेड शिवापूरचा टोल गेला, खंबाटकी चढून उतरलो. आनेवाडी येईपर्यंत मागचे तिघे एकमेकांच्या खांद्यावर आडवे. मी ड्रायव्हरच्या शेजारी. या सीटचं काम एकच असतं : त्याच्याशी बोलत राहणं. सातारा गेलेलं मला आठवतं. कऱ्हाड आठवत नाही.

मला जाग आली ती आवाजाने. डावीकडची चाकं डांबर सोडून खडीवर गेली होती आणि गाडी खडखडत होती. पेठ नाक्याच्या थोडं पुढे, वाजले होते पावणेचार. मी ओरडलो. त्याने दचकून स्टेअरिंग ओढलं, गाडी उजवीकडे गेली, परत डावीकडे आली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. पन्नासेक पावलांवर कडेला एक ट्रक उभा होता. मागचे दिवे बंद. आम्ही पाचही जण खाली उतरून त्या ट्रककडे बघत बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

मग तो म्हणाला, "कऱ्हाडपासून पेंग येत होती यार."

"मग उठवायचं ना आम्हाला!"

"तुम्ही सगळे एवढे गाढ झोपला होतात. बरं नाही वाटलं."

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. माणूस मरायच्या दारात जातो तो मस्तीमुळे, असा आपला समज असतो. हा पठ्ठ्या चाललेला भिडेखातर! आणि त्याला जागं ठेवायचं काम ज्याचं होतं, तो मी तोंड उघडं टाकून घोरत होतो.

गंमत म्हणजे आमचा नियम कडक होता, ट्रिपमध्ये गाडी चालवणाऱ्याने थेंबालाही शिवायचं नाही. तो नियम आम्ही तंतोतंत पाळला होता. पण १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसांचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसांइतका खालावतो आणि २४ तासांनी तो ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता सकाळी सहापासून मोजा. रात्री अकराला बरोबर १७ तास होतात. म्हणजे माझी शीट मिनिटाचीही चूक न होता पाळली गेली असती, तरी किल्ली फिरवायच्या क्षणीच आमचा ड्रायव्हर 'प्यायलेला' होता. फरक एवढाच, की पोलिसांच्या फुंकायच्या यंत्रात झोप दिसत नाही.

आणि डुलकी म्हणजे तरी किती? तीन-चार सेकंद. ताशी ९० चा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंदांत शंभर मीटर गाडी कुणीही चालवत नसतं. हे गणित आठवीतल्या पोराला जमेल. पाच इंजिनियरांना पहाटे पावणेचारला, रस्त्याच्या कडेला जमलं.

रात्रीच्या बाजूने जे मुद्दे मांडतात ते मला पाठ आहेत, कारण ते मीच मांडायचो. रात्री ट्रॅफिक नसतो. नसतो कसा, ट्रक असतात की, आणि त्यातले काही दिवे न लावता उभे असतात. दिवस वाया जात नाही. अरे, पण दुसरा दिवस पेंगण्यात जातो तो कुठल्या खात्यात मांडायचा? एसटीवाले, ट्रॅव्हल्सवाले नाही का चालवत रात्रभर? चालवतात, पण तो त्यांचा पेशा आहे. दिवसभर मीटिंगा करून ते रात्री स्टेअरिंगवर बसत नाहीत, आणि लांबच्या गाड्यांवर बऱ्याचदा दोन ड्रायव्हर असतात. शिवाय पगारी ड्रायव्हरसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता : दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. प्रत्यक्षात तो किती पाळला जायचा हा वेगळा विषय, पण निदान कागदावर तरी कुणीतरी त्यांच्या झोपेचा विचार केला होता. आमच्यासारख्या हौशी ड्रायव्हरचा विचार करायला फक्त शेजारी बसलेला मित्र असतो.

खिडकी उघडून वारा घ्या, गाणी मोठ्याने लावा, हे उपायही आम्ही करून बसलो होतो. त्याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, बस्स. कॉफी उपयोगी पडते, पण तिचा असर व्हायलाच वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाडी थांबवून डोळे मिटायचे, हाच त्यातला खरा भाग. झोपेवर उपाय झोप.

आम्ही तेच केलं. हळूहळू पुढच्या ढाब्यापर्यंत गेलो, ट्रकच्या रांगेत गाडी लावली आणि झोपलो. सहाला त्याच्या आईचा फोन आला. "कुठवर पोचलात?" तो म्हणाला, "आहोत कोल्हापूरजवळ, सगळे झोपलेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. फोन ठेवल्यावर मात्र तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता. मी जागा होतो, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

साडेआठला कोल्हापुरात मिसळ खाल्ली, ब्रेडबरोबर, कट दोनदा मागून घेऊन. मग मी चालवायला बसलो. निपाणी, बेळगाव आणि दुपारी चारला हुबळी. तिथे लॉज बघितलं आणि दिवस संपवला. ८४० चे ४४० झाले. संध्याकाळी जोळद रोट्टी खाताना कुणीही एक्सेल उघडलं नाही. पुढे मदुराईचा एक मुक्काम कापावा लागला, मीनाक्षी मंदिर घाईत बघितलं. वाचवायला निघालेल्या त्या अख्ख्या दिवसाची किंमत म्हणाल तर एवढीच.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. एक, निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांनी आपापल्या घरी झोपायचं. दोन, पहिला दिवस सगळ्यात छोटा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो आणि आपण त्यालाच ताकद समजतो. तीन, शेजारी बसलेल्याने "थांब" म्हटलं की गाडी थांबलीच पाहिजे, का म्हणून विचारायचं नाही. आणि त्या सीटवर ज्याला झोप येईल त्याने सरळ सांगून मागे जायचं, दुसऱ्याला पुढे पाठवायचं.

हे वाचून तुम्हीही हसाल कदाचित. हसा. फक्त पुढच्या वेळी प्लॅन कराल तेव्हा त्या शीटमध्ये एक कॉलम वाढवा : कोण किती वाजता उठलाय. आणि गाडी तुम्ही चालवत असाल आणि डोळे जड झाले, तर मागच्यांना बिनधास्त उठवा. शिव्या देतील, पण उठतील.