परंड्याचा संशोधक आणि अरब अर्थकारण
1600 साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबराने निजामशाहीची गादी परंड्यास आणली. हा हबशी सेनानी मोखा आणि बगदादच्या गुलामबाजारांतून दख्खनमध्ये आला होता. नाते असे जुने! आज मात्र परंड्याच्या तरुणाने अरब अर्थकारणावर पीएच.डी. करावयाची म्हटली, तर बहुधा दिल्लीच गाठावी लागते. आणि परतल्यावर नोकरी कोण देणार? 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र रुपया काढला. 1966 च्या अवमूल्यनानंतर बहुतेक आखाती राज्यांनी तो टाकला. आपल्याच चलनाची ही कहाणी परकीय ग्रंथांतून वाचावी काय? चोथा झालेल्या विषयांवर प्रबंधांचे गठ्ठे स्वीकारणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी अरबी भाषा, तेलाचे करार आणि भारतीय कामगारांना मालकाशी जखडणारी कफाला पद्धत यांच्या अभ्यासासाठी एक तरी प्राध्यापकपद निर्माण करावे.