राजवाड्यांच्या धुळ्यात पुराव्याची चीड का यावी?

१/ विकिपीडियावरून खानदेशातील एखाद्या व्यक्तीचा लेख वगळला गेला किंवा छायाचित्र हटवले गेले, की जळगाव-धुळ्यातून ठरलेली तक्रार उमटते : 'पुण्या-मुंबईकडच्यांना आमची माणसे दिसत नाहीत.' ही तक्रार मनाला सुखावते. पण पत्ता चुकते.

२/ उल्लेखनीयतेचा निकष थोरवी मोजत नाही. त्या व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या विश्वसनीय प्रकाशनांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे काय, एवढेच तो विचारतो. गौरवअंक, नातलगांनी काढलेली स्मरणिका, सत्काराची चार ओळींची बातमी येथे पुरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच निवर्तले. बखरीपेक्षा अस्सल पत्र प्रमाण मानणाऱ्या या माणसाचे नाव व्यासपीठावरून घ्यायचे आणि 'संदर्भ द्या' म्हणणाऱ्यावर संतापायचे, ही विसंगती आहे. (भेद एवढाच : राजवाड्यांना अस्सल पत्र पुरे; विकिपीडियाला त्या पत्रावर कोणीतरी लिहिलेले हवे.)

३/ या निकषाचा खरा फटका मौखिक परंपरेला बसतो, हे मान्य केलेच पाहिजे. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांचा संग्रह निघालेला नव्हता. निरक्षर आईची गाणी घरातल्यांनी उतरवून ठेवली होती. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी आग्रह धरला आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. ती वही तशीच राहिली असती, तर आज जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाईंवर ज्ञानकोशात लेख टिकला नसता. अहिराणीत गाणाऱ्या किती जणींची वहीच झाली नाही! ते काम आपल्या महाविद्यालयांचे आणि प्रकाशकांचे होते, ज्ञानकोशाचे नव्हे.

४/ छायाचित्रांच्या बाबतीत तर अज्ञानापेक्षा बेफिकिरी अधिक. भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलने फोटो घ्यायचा आणि विकिमीडिया कॉमन्सवर 'स्वतःचे काम' म्हणून चढवायचा! तसबीर घरात असणे म्हणजे प्रताधिकार असणे नव्हे. १९५७ च्या कायद्याने छायाचित्र काढणारा हा त्याचा कर्ता. मोबदला देऊन ते काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. अशा घरात स्टुडिओची जुनी पावती सापडली, तर ती तसबिरीइतकीच जपावी.

५/ चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरण बोलके आहे. टेबल-टॉप छायाचित्रणातील त्यांचे नाव मोठे. वृत्तपत्रांना मात्र रेल्वेची वाट पाहणाऱ्या प्रियकराची दंतकथाच अधिक प्रिय. त्या लेखांवर उल्लेखनीयता सहज सिद्ध होते. अडते ते चित्रांपाशी. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीचे वेगळे कलम गेले आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा नियम त्यांनाही लागू झाला. त्या वेळी संरक्षण शिल्लक असलेली मूस यांची छायाचित्रे २०४९ संपेपर्यंत मुक्त होणार नाहीत. 'केवळ शैक्षणिक वापरासाठी' ही सवलत कॉमन्सला चालत नाही. व्यावसायिक वापरासह खुला परवाना लागतो, आणि तो हक्कधारकानेच लेखी द्यावा लागतो. त्यासाठी एक ईमेल पुरतो. जयंतीच्या हारापेक्षा तो स्वस्त पडावा.

६/ सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे स्वतः टिपलेले छायाचित्र आपल्या कायद्यात चालते, वास्तूचेही चालते. तरीही चौकात जाण्याऐवजी गुगलवरचे चित्र उचलले जाते, आठवड्याभरात ते हटते, आणि पुन्हा अन्यायाची आरोळी उठते.