मार्कर कोणत्या वाघांतून शोधले?

2024च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलिपालला नेण्यात आल्या. झीनत तिथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालात बांकुड्यापर्यंत पोहोचली, तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. त्यामुळे वर्तमानपत्रांत चर्चा तिच्या भटकंतीचीच झाली. आपल्यासाठी मात्र त्यांना तिथे का नेले, हे अधिक महत्त्वाचे आहे. सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत आणि तिथल्या जाड, काळ्या पट्ट्यांच्या वाघांमागे टॅक्पेप या जनुकातील एका अक्षराचा बदल आहे, हे बंगळुरूच्या एनसीबीएसमधील उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021मध्ये दाखवले. प्राणिसंग्रहालयातील तशाच वाघांच्या कुटुंबाचे जीनोम वाचून हा बदल सापडला. मग जंगलातून गोळा केलेल्या विष्ठेत आणि केसांत तो तपासण्यात आला.

जनुकीय पुराव्यावरून वाघीण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल, तर तो पुरावा देणारे मार्कर कसे शोधले हा केवळ प्रयोगशाळेतला प्रश्न उरत नाही.

हाय-थ्रूपुट सीक्वेन्सिंग येण्याआधी मायक्रोसॅटेलाइट शोधणे किती कष्टाचे होते, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. लायब्ररी करायची, क्लोन वाढवायचे, एकेक वसाहत उचलून सँगर पद्धतीने वाचायची. एवढे करून हाती मोजकेच मार्कर लागायचे. त्यामुळे पाळीव मांजरात शोधलेले ‘एफसीए’ मार्करच अनेकांनी वाघाला आणि बिबट्याला लावले. 2008मध्ये रॅड-सीक्वेन्सिंग आले, 2012मध्ये डीडीरॅड. जीनोम एन्झाइमने कापून ठरावीक तुकडेच वाचायचे, या युक्तीमुळे एकाच रनमध्ये हजारो एसएनपी मिळू लागले. शिवाय मायक्रोसॅटेलाइटच्या लांबीचे आकडे दोन प्रयोगशाळांत जुळवताना जी दमछाक होई, ती एसएनपीमुळे वाचली. ‘ए’ की ‘जी’, एवढेच सांगायचे असते.

शोध स्वस्त झाला. पण ज्या प्राण्यांतून तो घेतला त्यांची निवड आजही अनेकदा हाती आलेल्या नमुन्यांवरून होते, आणि आमची काळजी तिथे आहे.

साधे गणित करून पाहू. एखाद्या जंगलातल्या वाघांत एका अलीलचे प्रमाण पाच टक्के आहे. शोधासाठी तिथले दोनच वाघ घेतले तर जनुकाच्या चार प्रती हाती येतात आणि ते अलील एकदाही न दिसण्याची शक्यता 81 टक्के असते. दहा वाघ घेतले तर ती 36 टक्क्यांवर येते, अडतीस घेतले तर दोन टक्क्यांवर. वाघ एकमेकांचे नातलग असतील तर हे आकडे आणखी बिघडतात. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय अभ्यासात 17 संरक्षित क्षेत्रांतील 38 वाघांतून 10,184 एसएनपी मिळाले. वायव्य, मध्य आणि दक्षिण असे तीन गट त्यातून स्पष्ट झाले, आणि वायव्येचा गट एकाकी, कमी विविधतेचा असल्याचे दिसले. देशाचे चित्र काढायला ही रचना उत्तम होती. पण सरासरीने एका जंगलाच्या वाट्याला दोनच वाघ येतात. म्हणजे एकाच जंगलापुरते असलेले दुर्मीळ अलील अशा नमुन्यातून बहुतांशी निसटणारच.

वाघाची ओळख पटवायची असेल तर यात फारसे बिघडत नाही, कारण त्या कामाला सगळीकडे आढळणारी अलीलच उपयोगी पडतात. विविधता मोजायची असेल तर मात्र बिघडते. ज्या जंगलातून मार्कर शोधले ते श्रीमंत दिसते, बाकीची गरीब दिसतात. ‘या जंगलाला बाहेरून वाघीण हवी’ असा निष्कर्ष अशा पॅनेलवरून काढणे आम्हाला धोक्याचे वाटते. रानकुत्र्यासारख्या प्राण्यांच्या बाबतीत, जिथे नमुनेच कमी मिळतात, हा धोका वाढतो.

यात विष्ठेची अडचण मिसळते. विष्ठेतला बहुतेक डीएनए जिवाणूंचा आणि भक्ष्याचा असतो, वाघाचा थोडासा आणि तुटलेला. त्यावर थेट रॅड चालत नाही. म्हणून शोध ऊतींवर किंवा रक्तावर करायचा आणि निवडलेले एसएनपी छोट्या प्रायमरजोड्यांनी, मल्टिप्लेक्स पीसीआर करून विष्ठेत वाचायचे, ही 2019मध्ये मांडलेली पद्धत आज सर्वांत व्यवहार्य आहे. पण ऊती येतात कुठून? मेलेल्या, जखमी किंवा पकडलेल्या वाघांकडून. जिथे माणूस आणि वाघ यांचा संघर्ष आहे तिथून नमुने येतात. शांत, दुर्गम जंगलातून फक्त विष्ठा येते. म्हणजे मेळघाटाच्या आतल्या वाघाचा शोधाच्या टप्प्यावर आवाजच उमटत नाही.

यावर आपल्या हातात असलेला उपाय शवविच्छेदनाच्या टेबलावर आहे. मृत वाघाचे नमुने रोगनिदानासाठी फॉर्मॅलिनमध्ये जातात, आणि फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करते. विच्छेदनानंतर शव जाळले जाते. पशुवैद्यकांना आमची विनंती आहे: स्नायूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, लेबलवर बीट, तारीख आणि लिंग पेन्सिलीने लिहा. शाई इथेनॉलमध्ये पुसली जाते. वाघच नव्हे, रस्त्यावर मेलेला बिबट्या, चांदी अस्वल, रानमांजर, सगळ्यांचेच नमुने हवेत.

पुढच्या अंकापासून मार्करशोधाचा लेख स्वीकारताना आम्ही तीन गोष्टी मागू: शोधासाठी किती प्राणी घेतले आणि ते कोणत्या जंगलातले, त्यांत नातलग किती, आणि मूळ रीड्स कुठे खुल्या ठेवल्या आहेत. पॅनेल विष्ठेवर तपासलेले नसेल तर तेही शीर्षकाखालीच स्पष्ट लिहावे लागेल.