गाठ आहे म्हणून पिशवीच काढायची का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की घरात दोन प्रश्न उठतात. कॅन्सर तर नाही ना? आणि पिशवी कधी काढायची? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ आहे, तिच्यात कॅन्सर निघणे फार दुर्मीळ. दुसऱ्या प्रश्नाची घाई मात्र मला पटत नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. माझ्याकडे या महिला गाठीसाठी येतच नाहीत. भाईंदर स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, लोकलमध्ये उभे राहून चक्कर येते, म्हणून येतात. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. पाळीबद्दल विचारले की उत्तर येते, “जास्तच जाते, पण आता वय झालं ना!” म्हणजे त्रास गाठीच्या आकाराचा नसून वाहून जाणाऱ्या रक्ताचा आहे. तो थांबवायला बऱ्याचदा औषधे पुरतात.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी टाळायच्या. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू गर्भाशयात बसवली की रक्तस्राव बराच कमी होतो आणि निदान पाच वर्षे निभावते. गाठीमुळे आतली पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर मात्र ती निसटते. कमी मात्रेतल्या मिफेप्रिस्टोनने रक्तस्राव घटतो, गाठही आक्रसते. ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनांचेही तसेच, पण ती फार काळ घेतली तर हाडे विरळ होतात, आणि बंद केली की गाठ पुन्हा वाढते. औषध म्हणजे निर्धोक असेही समजू नका. युलिप्रिस्टल या गोळीमुळे काही रुग्णांच्या लिव्हरला गंभीर इजा झाली आणि 2020 मध्ये युरोपात तिच्यावर कडक निर्बंध आले. गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांबद्दल मला लोक नेहमी विचारतात. तसा भरवशाचा पुरावा मी पाहिलेला नाही.

औषधांपलीकडचा एक उपाय आपल्याकडे फार कमी सांगितला जातो: जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठाच बंद करणे. पॅरिसच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये तो प्रसिद्ध केला. पोट उघडावे लागत नाही, मात्र पहिले काही दिवस दुखते, तापही येऊ शकतो. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. पुढे मूल हवे असेल तर आधी सविस्तर चर्चा करावी.

आणि काहीच न करणे हाही उपचारच आहे. फायब्रॉइड इस्ट्रोजेनवर पोसतात. पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप लहान होतात. सत्तेचाळीस वर्षांच्या, हिमोग्लोबिन सांभाळलेल्या महिलेला फक्त काही वर्षे काढायची असतात.

घाईचे टोक आपण बीडमध्ये पाहिले. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितले. शहरात कारणे वेगळी. मेडिक्लेम ऑपरेशनचा खर्च देते, महिन्याच्या गोळ्यांचा सहसा देत नाही. मग “एकदाचं काढून टाकू” हे हिशेबातही बसते! त्यात अंडाशयही काढले गेले तर चाळिशीतच हाडे आणि हृदयाचे प्रश्न सुरू होतात.

ऑपरेशन लागतेच असेही रुग्ण असतात. गाठ मूत्रवाहिनी दाबत असेल, औषधांनी रक्त थांबत नसेल, पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल, तर थांबू नका. मूल हवे असेल तर नुसती गाठ काढता येते का, हे विचारा.

दुसरे मत घ्यायला जाताना सोनोग्राफीचा पूर्ण रिपोर्ट, सीबीसी, फेरिटिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट घेऊन जा. मागच्या तीन पाळ्यांत रोज किती पॅड लागले तेही लिहून ठेवा. वय चाळिशीपुढे असेल आणि रक्तस्राव अवेळी होत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी झाली आहे का, हे आधी पाहा.