टी-शर्टाची झडती

कुठेही कत्तल झाली की दोन दिवसांत एक झडती सुरू होते. मारेकरी गोरा असेल तर त्याच्या खोलीतल्या सीडी आणि व्हिडिओ गेम बाहेर काढले जातात. मारेकऱ्याचे नाव मुसलमानी असेल तर कुरआन उघडला जातो, आणि त्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या सगळ्यांना विचारले जाते, "तुम्ही निषेध केला का?" या दुसऱ्या झडतीबद्दल आपण खूप बोलतो. बोललेच पाहिजे. पण पहिल्या झडतीबद्दल आपण गप्प बसतो, आणि कधी कधी तर टाळ्याही वाजवतो. आज मला त्या टाळ्यांविरुद्ध लिहायचे आहे.

त्यासाठी एका बँडची गोष्ट सांगतो. नाव केएमएफडीएम. १९८४ च्या २९ फेब्रुवारीला पॅरिसमधल्या ग्राँ पाले या प्रदर्शनगृहात एका कलाप्रयोगाच्या निमित्ताने तो सुरू झाला. संस्थापक साशा कोनिएत्झको, गाव जर्मनीतले हॅम्बर्ग. ज्याला 'इंडस्ट्रियल' म्हणतात त्या संगीताचा हा बँड. कारखान्यातल्या यंत्रांसारखा ठोका, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे आवाज. हे नावच मुळी १९७६ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने काढलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या कंपनीवरून रूढ झाले. केएमएफडीएमने त्यात हेवी मेटलची करकरीत गिटार घातली आणि खाली नाचायला लावणारा इलेक्ट्रॉनिक ठेका ठेवला. बड्या कंपन्यांच्या दारात न जाता शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स या छोट्या स्वतंत्र कंपनीतून त्यांनी आपला श्रोता जमवला. बँडचे नाव म्हणजे मुद्दाम मोडूनतोडून केलेल्या जर्मन वाक्याची आद्याक्षरे. त्याचा अभिप्रेत अर्थ आहे, 'बहुसंख्याकांना दया नाही'. आपल्याकडे असे नाव ठेवून कुणी स्टेजवर चढला तर दुसऱ्या दिवशी काय होईल, हे वाचकांनी मनात पाहावे.

हा बँड आवडलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. बऱ्याच जणांना तो गोंगाट वाटेल. पण त्याचे राजकारण लपलेले नाही. १९९३ च्या अल्बममधल्या त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याचे शीर्षकच 'अ ड्रग अगेन्स्ट वॉर' आहे. २००३ मध्ये अमेरिका इराकवर चालून गेली, त्याच वर्षी त्यांनी 'डब्ल्यूडब्ल्यूथ्री' हा अल्बम काढून बुश सरकारवर तोफ डागली. बगदादवर बॉम्ब पडत असताना किती मुस्लिम देशांच्या सत्ताधीशांनी एवढा तरी आवाज काढला?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. २० एप्रिल १९९९. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार केले आणि नंतर स्वतःवर गोळ्या झाडल्या. त्यातल्या एकाने आपल्या वेबसाइटवर केएमएफडीएमच्या गाण्यांचे शब्द उतरवून ठेवले होते. त्यातच बँडचा 'अडिऑस' हा अल्बम नेमका त्याच तारखेला बाजारात आला होता. शिवाय ती हिटलरची जन्मतारीख आणि बँड जर्मन! एवढे मिळाल्यावर काय हवे? वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना आरोपी सापडला. कोनिएत्झकोने निवेदन काढून सांगितले की आम्ही कलावंत आहोत, राजकीय पक्ष नाही. युद्ध, दडपशाही आणि फॅसिझम यांच्या विरोधात आम्ही पहिल्यापासून आहोत. आमच्यापैकी कुणीही नाझी विचारांचा समर्थक नाही. म्हणजे त्याने निषेध केला. तुम्हा-आम्हाला ज्याची इतकी सवय आहे तो निषेध. उपयोग काय झाला? बँडचे नाव त्या शाळेला चिकटले ते चिकटलेच. मॅरिलिन मॅन्सन या गायकालाही त्याच पिंजऱ्यात उभे केले गेले आणि त्याला दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. ती दोन मुले त्याची चाहती नव्हतीच, हे पुढे समोर आले. तोवर धुरळा उडून गेला होता.

या गदारोळात कोणते प्रश्न मागे पडले ते पाहा. त्या मुलांकडच्या चार बंदुकांपैकी तीन त्यांच्या १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने बंदुकांच्या प्रदर्शनात विकत घेऊन दिल्या होत्या. विक्रेते खासगी, त्यामुळे खरेदी करणाऱ्याची कसलीही पूर्वतपासणी नाही. वर्षभर आधी, १९९८ मध्ये, त्यातल्या एका मुलाच्या वेबसाइटवरच्या धमक्यांची तक्रार शेजारच्या कुटुंबाने पोलिसांकडे केली होती. त्याच्या घराची झडती घेण्यासाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशापुढे कधी गेलाच नाही. बंदूक प्रदर्शनांतली ही पळवाट बुजवण्याचा प्रस्ताव मे १९९९ मध्ये सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने कसाबसा मंजूर झाला, पण काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात अडकून मेला. शेवटी कोलोरॅडोच्या मतदारांनीच २००० मध्ये थेट मतदान करून आपल्या राज्यापुरती ती बुजवली. जिथे झडती घ्यायला हवी होती तिथे ती घेतली नाही, आणि घेतली कुणाची, तर गाण्यांची. गाण्यांची झडती स्वस्त असते. त्यात बंदूकवाले दुखावत नाहीत, पोलिसांना जाब द्यावा लागत नाही, आणि आईबापांनाही हायसे वाटते की आपल्या घरात ती सीडी नाही, म्हणजे आपण सुरक्षित.

इथपर्यंत वाचून आपले वाचक माना डोलावतील. आपल्यालाही हेच सोसावे लागते, असे म्हणतील. खरे आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून जे झाले ते फार जुने नाही. स्टेटस ठेवणारी पोरे मोजकी. दगड पडले ते ज्यांनी ती स्टेटस पाहिलीही नव्हती त्यांच्या दुकानांवर. पण आता जरा आपल्या घरात या.

जानेवारी १९९७ मध्ये इजिप्तच्या पोलिसांनी रात्री घराघरांत शिरून शंभराच्या आसपास तरुण-तरुणींना उचलले. आरोप: सैतानाची पूजा. पुरावा: मेटलच्या सीडी, पोस्टर, काळे टी-शर्ट. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, धर्मपंडितांनी तौबा करायला सांगितले. काही आठवड्यांनी मुले सुटली, कारण सिद्ध करण्यासारखे काही नव्हतेच.

मोरोक्कोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००३ च्या सुरुवातीला कासाब्लांका शहरात १४ जणांना शिक्षा झाली. काही मेटल वाजवणारे, काही नुसते ऐकणारे. आरोप तोच, इस्लामवरची श्रद्धा डळमळीत केल्याचा. न्यायालयात पुरावा म्हणून कवटीची चित्रे आणि टी-शर्ट आले. तरुण रस्त्यावर उतरले, गाणी वाजवत निदर्शने झाली, आणि अपिलात बहुतेकांची सुटका झाली. हे सगळे झाल्यावर जेमतेम दोन महिन्यांत, १६ मे २००३ रोजी, त्याच कासाब्लांकात आत्मघाती स्फोट झाले. १२ हल्लेखोरांनी ३३ माणसे मारली. हल्लेखोर शहराच्या कडेच्या सिदी मूमेन या झोपडवस्तीतून आले होते. त्यांच्या अंगावर कवटीचे टी-शर्ट नव्हते. ज्या शहराची अदालत मुलांच्या टी-शर्टांवरची चित्रे मोजत होती, त्याच शहरात बॉम्ब बांधले जात होते. अशा झडतीने समाज सुरक्षित होतो, असे म्हणणाऱ्याने या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

आणि पॅरिसचे बातक्लाँ सभागृह? १३ नोव्हेंबर २०१५ ला तिथे रॉकचा कार्यक्रम चालू असताना इस्लामिक स्टेटच्या मारेकऱ्यांनी ९० माणसे मारली. कोलंबाइनचे मारेकरी असले संगीत ऐकत होते म्हणून संगीत दोषी, असे म्हणायचे असेल तर बातक्लाँचे मारेकरी ते ऐकणाऱ्यांनाच गोळ्या घालत होते, याचे काय करायचे?

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. तो टाळणार नाही. केएमएफडीएमच्या गाण्यांत गोळ्या आहेत, स्फोट आहेत, संहार आहे. २००७ मध्ये फिनलंडच्या योकेला शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाने आपल्या व्हिडिओला याच बँडचे 'स्ट्रे बुलेट' लावले होते, आणि कोलंबाइनच्या मुलाने उतरवलेल्या गाण्यांतही ते होते. दोनदा तेच गाणे! मग संबंध नाही कसे म्हणता?

मी म्हणतो, मारेकऱ्याने ते गाणे निवडले, एवढाच संबंध आहे. त्याला जे करायचे होते त्याला साजेसा ठेका आणि शब्द त्याने शोधले. त्याच गाण्यावर जगभरच्या क्लबांत लोक वर्षानुवर्षे नाचले, घामाघूम झाले आणि आपापल्या घरी जाऊन झोपले. जे लोक कुरआनातून एक आयत उचलून, तिच्या आगेमागे काय आहे ते न पाहता बंदूक उचलतात, त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो? आयत त्यांनी आपल्या हेतूसाठी उचलली, दोष उचलणाऱ्याचा. मग हाच न्याय गाण्याला का नाही? ग्रंथ पवित्र आहे आणि गाणे पवित्र नाही, हे मला मान्य. पण न्याय वस्तूच्या पावित्र्यावर ठरत नाही. तो कृत्य कुणी केले यावर ठरतो. एका ठिकाणी हा नियम मागायचा आणि दुसऱ्या ठिकाणी मोडायचा, तर आपल्या मागणीत उरते काय?

संगीताने माणसाचा छळ कधीच होत नाही, असे मी म्हणत नाही. झाला आहे, आणि तो आपल्याच भावंडांचा झाला आहे. ग्वांतानामोच्या तुरुंगात आणि इराकमध्ये अमेरिकी सैन्याने कैद्यांना बांधून, झोपू न देता, कर्कश आवाजात तासन् तास गाणी ऐकवली. त्यात मेटल होते, रॅप होते, आणि 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमातली गाणीसुद्धा होती. चिमुकल्यांना अक्षरे शिकवणारी गाणी! हिंसा गाण्याच्या शब्दांत असती तर त्या गाण्यांनी कुणाला काय केले असते? हिंसा बेडीत होती, आवाजाच्या बटणावरच्या बोटात होती, आणि त्या बोटाला हुकूम देणाऱ्या सहीत होती.

तिथे कलावंतांनी काय केले तेही नोंदवले पाहिजे. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरसह अनेक संगीतकारांनी २००९ मध्ये ग्वांतानामो बंद करण्याच्या मोहिमेत भाग घेतला आणि कोणाकोणाची गाणी छळासाठी वापरली याची माहिती सरकारकडे मागितली. कॅनडाचा स्किनी पपी हा इंडस्ट्रियल बँड तर आणखी पुढे गेला. आपले संगीत तिथे वापरल्याचे कळल्यावर २०१४ मध्ये त्याने अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ६,६६,००० डॉलरचे बिल पाठवले. आकडा मुद्दाम निवडलेला: ६६६ हा बायबलमधला सैतानी आकडा. ज्यांना आपण ऐकायच्या आधीच 'शैतानी' म्हणून बाजूला सारतो, त्यांनी अनोळखी मुसलमान कैद्यांसाठी महासत्तेच्या दारात बिल चिकटवले. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

संगीत हलाल की हराम हा वाद जुना आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर अख्खे प्रकरण लिहून अटींसह त्याला जागा दिली. अंदलुसच्या इब्न हज्मने वाद्यांवरच्या बंदीचे पुरावे कमकुवत ठरवले. दुसऱ्या बाजूलाही मोठे आलिम आहेत. ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये, हा त्याचा हक्क आणि त्याचा तक्वा. माझे भांडण त्याच्याशी नाही. माझे भांडण आहे ते 'मला हे पटत नाही' वरून 'हा गुन्हेगार आहे' वर उडी मारण्याशी. ही उडी कैरोत मारली तेव्हा पोरे तुरुंगात गेली. ती आपल्या मोहल्ल्यात मारली जाते तेव्हा एखादा पोरगा कानात हेडफोन घालून घरात एकटा पडतो. त्याच्याशी बोलणारा मग घरात कुणी उरत नाही, बाहेर मात्र कुणीही भेटू शकतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. इंडोनेशियातल्या गारूत जिल्ह्यातल्या तीन मुलींनी हिजाब घालून 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा मेटल बँड काढला. त्यांना घरून आणि गावातून विरोध झाला, तरी त्या २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवापर्यंत पोचल्या. बगदादच्या 'अक्रासिकौदा' या मेटल बँडची तालमीची जागा बॉम्बने उडाली, जिवाला धमक्या आल्या, आणि ती पोरे सीरिया, तुर्कस्तान करत अमेरिकेत निर्वासित झाली. या मुलांना आपले म्हणायला आपली जीभ अडखळत असेल, तर कोल्हापूरच्या दुकानदारासाठी न्याय मागताना आपला आवाजही तितकाच अडखळेल. पुढच्या वेळी कुठे गोळीबार झाला आणि टीव्हीवर मारेकऱ्याच्या सीडी दाखवायला लागले, तर आपण एवढेच विचारावे: बंदूक कुणी दिली, तक्रार कुणी दाबली, आणि मारले कुणी? आणि मारेकऱ्याचे नाव आपल्यातले निघाले तरी नेमके हेच तीन प्रश्न, याच क्रमाने विचारावेत.