घरपट्टीची माफी कोणाला?

मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घेतला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. राहते घर हे काही कमाईचे साधन नव्हे. परंतु हे तत्त्व मुंबईच्या वेशीपाशीच का थांबावे? गेवराईत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला ही माफी नाही.

गेवराई हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळी उरकली की बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागते, ते उन्हाळ्यातच परतते. वसुलीची मोहीम मात्र मार्चअखेरीस भरात येते. तेव्हा दाराला कुलूप असते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के! याच दराने खाजगीत कर्ज देणाऱ्याला आपण सावकार म्हणतो.

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नगरपरिषदांसाठी अभय योजना मंजूर केली. तीत शास्तीला सूट आहे, मूळ कराला नाही. साहजिकच थकबाकी जितकी मोठी, तितका लाभ मोठा. ज्याने मुकादमाच्या उचलीतून घरपट्टी वेळेवर भरली, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. ज्या संकुलमालकाने गाळ्यांचे भाडे खाऊन कर थकविला, त्याला मात्र सरकार अभय देते.

म्हणून सरसकट माफीची मागणी आपण करता कामा नये. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून घरपट्टी हाच त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य आधार उरला आहे. तोही गेला तर पाण्याची आणि गटारांची कामे अडतील. धनिक आपल्या अंगणात कूपनलिका घेईल. वस्तीतल्या बाईने हंडा घेऊन कोठे जावे?

मागणी नेमकी हवी. स्वतः राहत असलेल्या लहान घरांना माफी मिळावी आणि ती तूट राज्याने भरून द्यावी. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत संकुले व मंगल कार्यालये यांचे करयोग्य मूल्य खऱ्या भाड्यावर ठरावे. आकारणीची यादी पाहण्याचा व तिच्यावर हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने नागरिकांना दिलेला आहे. मात्र हरकतींची मुदत मजूर फडावर असतानाच संपू नये, यासाठी गेवराईच्या कार्यकर्त्यांनी आतापासूनच मुख्याधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करावा.