चांगला हुकूमशहा नावाचा प्राणी

"या देशाला दहा वर्षं एक चांगला हुकूमशहा हवा, बघा कसं सगळं सरळ होतं ते." आम्ही आयटीवाले चार टाळकी जेवायला जमलो की ट्रॅफिक आणि अप्रेझल उरकल्यावर हे वाक्य हमखास येतं. उदाहरण ठरलेलं, सिंगापूर. दुसरं सांगा म्हटलं की सगळे ताटात बघायला लागतात.

तर मंडळी, दुसरं उदाहरण मी देतो. केनेथ कौंडा, झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मुद्दाम हेच नाव. कारण इदी अमीनचं नाव घेतलं की "तो वाईटच होता हो, आम्ही चांगल्याबद्दल बोलतोय" ही पळवाट तयार असते. कौंडांच्या बाबतीत ती नाही. माणूस खरंच चांगला होता. शिक्षकी पेशातला, गांधीजींना मानणारा, ब्रिटिशांचा तुरुंग भोगलेला. २४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या झांबियात पदवीधर होते जेमतेम शंभरेक. कौंडांच्या सरकारने शाळा काढल्या, दोन वर्षांत विद्यापीठ उभं केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांना लुसाकात आसरा दिला आणि त्याची किंमतही मोजली. आपल्याकडच्या किती नेत्यांबद्दल एवढं म्हणता येईल?

आता पुढे. सायमन कापवेपवे हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, स्वातंत्र्यलढ्यातले साथीदार, काही काळ उपराष्ट्राध्यक्ष. १९७१ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९७२ च्या सुरुवातीलाच पक्षावर बंदी आणि मित्र कोठडीत. वर्ष संपता संपता देशात एकच पक्ष कायदेशीर उरला. कुणाचा ते सांगायला नकोच :) १९७८ मध्ये कापवेपवे त्याच पक्षात परत येऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू पाहत होते, तर पक्षाने नियमच बदलले. मतपत्रिकेवर कौंडा एकटे. मतदाराने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं.

कारण काय दिलं जायचं? देशात सत्तरच्या वर जमाती, पक्ष वाढले तर फूट पडेल. हेतू प्रामाणिक असेलही. पण "साहेब, चुकतंय" म्हणायची सोयच काढून टाकली, की चुका प्रामाणिक असल्या तरी दुरुस्त होत नाहीत. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले. सगळा देश तांब्यावर उभा, तो कर्जात बुडाला. १९९० मध्ये मक्याच्या पिठाचे भाव वाढवले, दंगली झाल्या, माणसं मेली. मगच इतर पक्षांना परवानगी मिळाली.

१९९१ च्या निवडणुकीत कौंडा सडकून हरले आणि मुकाट्याने पायउतार झाले. आफ्रिकेत त्या काळात हे दुर्मीळ होतं, आणि त्यासाठी त्यांना सलाम. पण "बघा, चांगला होता म्हणूनच गेला ना" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तो जायची वाट लोकांना २७ वर्षं पाहावी लागली.

आणि खरी गोष्ट तर इथून पुढे आहे. स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी ब्रिटिशांनी लावलेली आणीबाणी कौंडांनी आपल्या सगळ्या कारकिर्दीत उठवलीच नाही. विनाचौकशी कोठडीत टाकायला ती फार सोयीची. १९८१ मध्ये तिचा वापर करून त्यांनी फ्रेडरिक चिलुबा नावाच्या कामगार नेत्याला आत टाकलं. १९९१ मध्ये कौंडांना हरवलं ते याच चिलुबांनी. त्यांनी आल्या आल्या आणीबाणी उठवली, आणि दीड वर्षाच्या आत परत लावली. १९९६ मध्ये घटनेत बदल केला, की राष्ट्राध्यक्ष होणाऱ्याचे आईवडील दोघेही झांबियाचेच हवेत. कौंडांचे आईवडील मूळचे आजच्या मलावीतले! १९९७ मध्ये एक बंड फसलं, पुन्हा आणीबाणी आली आणि ऐन नाताळात त्र्याहत्तर वर्षांच्या कौंडांना अटक झाली.

आपल्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिन भला माणूस म्हणून त्याला सगळे अधिकार दिले, लॉग बंद केले, तपासणारा काढून टाकला. अ‍ॅडमिन बदलला. पासवर्ड तोच राहिला. 'चांगला हुकूमशहा' मागणारे फक्त पहिल्या अ‍ॅडमिनचं चारित्र्य तपासतात. दुसऱ्याचं नावही त्यांना माहीत नसतं.

असो. १९९९ मध्ये एका हायकोर्टाने तर कौंडा झांबियाचे नागरिकच नाहीत असा निकाल दिला. ज्याने देश उभा केला तोच बिनदेशाचा! पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व परत दिलं आणि २०२१ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते झांबियाचे नागरिक म्हणूनच गेले. ही दाद मिळाली ती कुणा चांगल्या माणसाकडून नाही. राष्ट्राध्यक्षाच्या वरही कुणीतरी होतं, म्हणून मिळाली.